बालकाचा बाप्तिस्मा आणि आईवडिलांचे उत्तरदायित्व



आजच्या व्याख्यानाचा विषय केवळ ख्रिस्ती कुटुंबांपुरता मर्यादित आहे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. तान्ह्या मुलाला चर्चमध्ये नेले जाते, धर्मगुरू त्याच्या मस्तकावर तीनदा पाणी ओततात, नाव उच्चारले जाते आणि मग घरी आप्तेष्टांना भोजन दिले जाते. हा समारंभ आपल्यापैकी पुष्कळांनी शेजारी किंवा स्नेही या नात्याने पाहिला असेल. त्यामागचा प्रश्न मात्र सर्वच आईबापांचा आहे. ज्याला अद्याप बोलता येत नाही, त्याच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि एकदा असा शब्द दिला म्हणजे तो पाळावयाचा कोणी?

बालबाप्तिस्म्याचा अर्थ समजून घ्यावयाचा असेल तर या दुसऱ्या प्रश्नापासून दृष्टी ढळू देता कामा नये, असे मला वाटते. मूल काही बोलत नाही. बोलतात ते आईवडील. तेव्हा त्या दिवशी खरी जबाबदारी जर कोणाच्या खांद्यावर येत असेल तर ती त्यांच्याच.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘बाप्तिस्मा’ हा मूळ ग्रीक शब्द. पाण्यात बुडविणे हा त्याचा साधा अर्थ. भारतातील ख्रिस्ती समाज अनेक भाषा बोलणारा आणि वेगवेगळ्या काळी घडलेला असल्यामुळे या एकाच संस्कारासाठी आपल्याकडे अनेक शब्द रूढ झाले. केरळातील प्राचीन ख्रिस्ती परंपरेचा संबंध सिरियाक भाषेशी. म्हणून मलयाळममध्ये ‘मामोदीसा’ हा सिरियाकवरून आलेला शब्द वापरतात. तमिळमध्ये ‘ज्ञानस्नान’ हा शब्द दीर्घकाळ प्रचारात आहे. मराठी भाषक कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ असेही म्हणतात. मुलाच्या बाजूने साक्षीदार म्हणून जे उभे राहतात, त्यांना आपण मराठीत धर्मपिता आणि धर्ममाता म्हणतो. तमिळमध्ये त्यांना ज्ञानपिता व ज्ञानमाता या अर्थाची नावे आहेत. मलयाळममधील शब्द तर फारच बोलका आहे. तेथे धर्मपित्याला ‘तलतोट्टप्पन’ म्हणतात, म्हणजे डोक्याला हात लावणारा बाप. ज्याने मुलाच्या मस्तकावर हात ठेवला तो त्याचा पालक झाला, ही जाणीव लोकभाषेने या शब्दात जपून ठेवली आहे.

आता इतिहासाकडे वळू. नव्या करारात लहान मुलांचा बाप्तिस्मा करावा अशी स्पष्ट आज्ञा नाही, तसाच त्याचा स्पष्ट निषेधही नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुदिया नावाची व्यापारी स्त्री आणि फिलिप्पै येथील तुरुंगाधिकारी यांनी घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतल्याचे सांगितले आहे. पौलही स्तेफनाच्या घराण्याचा उल्लेख करतो. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, हे मात्र तेथे लिहिलेले नाही. येशूने मुलांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला, हा प्रसंग बालबाप्तिस्म्याच्या समर्थनार्थ नेहमी सांगितला जातो. पण तेथे पाण्याचा उल्लेख नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

बालबाप्तिस्म्याविषयी निःसंदिग्ध असा पहिला पुरावा आपल्याला मिळतो तो त्यावर घेतलेल्या एका आक्षेपाच्या रूपाने. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे तर्तुल्यन या लेखकाने बाप्तिस्म्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये, असे त्याचे मत होते. त्याने दिलेले एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. जे लोक मुलाच्या वतीने शब्द देतात ते स्वतःला धोक्यात घालतात, असे तो म्हणतो. कारण शब्द पुरा होण्यापूर्वी त्यांना मृत्यू येईल, किंवा मूलच पुढे वाईट निघेल आणि त्यांचा शब्द फुकट जाईल. तर्तुल्यनचा सल्ला चर्चने एकंदरीत मानला नाही. इ. स. २५३ च्या सुमारास त्याच कार्थेजमध्ये सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या ६६ बिशपांच्या सभेने, यहुदी सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंतही थांबण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय दिला. हिप्पोलितसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका प्राचीन नियमग्रंथात तर, ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने त्यांच्या आईवडिलांनी किंवा घरच्या कोणी उत्तर द्यावे, असे सांगितले आहे. चर्चने शब्द देण्याचा धोका पत्करला. परंतु तर्तुल्यनने दाखविलेला धोका त्यामुळे नाहीसा झाला नाही. आजही प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी तो तसाच उभा असतो.

या विषयात संत ऑगस्टीनचे उदाहरण उद्बोधक आहे. पाश्चात्त्य चर्चमध्ये बालबाप्तिस्म्याच्या सिद्धान्ताला ज्याने सर्वाधिक बळ दिले, त्या ऑगस्टीनला स्वतःला बालपणी बाप्तिस्मा मिळाला नव्हता. त्याची आई मोनिका ही श्रद्धाळू ख्रिस्ती होती. लहानपणी तो एकदा अतिशय आजारी पडला, तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली; परंतु आजार हटताच तो पुढे ढकलण्यात आला. बाप्तिस्म्यानंतर केलेली पापे अधिक जड असतात, असा त्या काळचा समज होता. पुढे कित्येक वर्षे तो भटकला, अन्य पंथांत गेला आणि अखेर इ. स. ३८७ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, मिलान येथे बिशप अँब्रोजच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्याबरोबर त्याचा किशोरवयीन मुलगा अदेओदातुस यानेही घेतला. या सर्व काळात मोनिकाने मुलासाठी प्रार्थना करणे सोडले नाही. पाण्यावाचूनही तिने आईचे कर्तव्य केले. याउलट पाणी पडले, पण पुढे कोणीच काही केले नाही, अशी उदाहरणे कमी नाहीत.

सोळाव्या शतकात हा प्रश्न रक्तरंजित झाला. झुरिक नगरात धर्मसुधारणेचे वारे वाहत असताना काही तरुणांनी असे प्रतिपादन केले की, श्रद्धा ही ज्याची त्याने स्वीकारावयाची वस्तू आहे, म्हणून अजाण मुलाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. जानेवारी १५२५ मध्ये नगरसभेने हुकूम काढला की, ज्या मुलांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांचा आठ दिवसांत करावा, अन्यथा कुटुंबाला हद्दपार केले जाईल. त्यानंतर तीनच दिवसांनी, २१ जानेवारीला, या मंडळींनी एकत्र जमून प्रौढपणी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्त्झ याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून ठार मारण्यात आले. ज्या पाण्याने जीवन द्यावयाचे त्याच पाण्याने एका ख्रिस्ती माणसाचा जीव ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी घेतला. शासनाने एखादा संस्कार सक्तीचा केला की आईबापांच्या वचनाला अर्थ उरत नाही. कारण सक्तीने वदवून घेतलेला शब्द हा शब्दच नसतो. मान्त्झ ज्या चळवळीत होता तिच्यातून पुढे आलेल्या मेनोनाइट पंथाच्या मंडळ्या आज भारतातही आहेत आणि त्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत.

या मतभेदाने भारतातील ख्रिस्ती इतिहासालाही वळण दिले. सेरामपूरचे विल्यम केरी हे बॅप्टिस्ट होते. त्यांच्या मंडळाने २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पात्रात कृष्ण पाल या बंगाली सुताराला बाप्तिस्मा दिला. त्याच दिवशी त्याच नदीत केरींचा मुलगा फेलिक्स याचाही बाप्तिस्मा झाला. मिशनऱ्याचा मुलगा असला तरी बाप्तिस्मा त्याला जन्माने मिळाला नव्हता; तो त्याने वयात येऊन स्वतः घेतला. पुढे १८१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रिगेशनल मंडळीने आपले पहिले मिशनरी भारताकडे धाडले. ही मंडळी बालबाप्तिस्मा मानणारी होती. परंतु त्यांच्यापैकी अडोनिराम जडसन यांनी समुद्रप्रवासात या विषयाचा नव्याने अभ्यास केला आणि त्यांचे मत पालटले. कलकत्त्यास पोचल्यावर सप्टेंबर १८१२ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नीने पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि ते ब्रह्मदेशात गेले. त्यांचे जे सहकारी मूळ मतावर कायम राहिले त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस आले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तेथून झाला.

ही फूट कायमची राहिली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली, तेव्हा त्या ऐक्यात बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन व इतर पंथ होते, तसेच तो न देणारे बॅप्टिस्टही होते. या नव्या चर्चने दोन्ही पद्धतींना मान्यता दिली. आईवडिलांनी हवे तर मुलाचा बाप्तिस्मा करावा, किंवा मुलाबद्दल देवाचे आभार मानून त्याला समर्पित करावे आणि मोठेपणी त्याने स्वतः श्रद्धा प्रकट केल्यावर बाप्तिस्मा घ्यावा. पुढे १९८२ मध्ये पेरू देशातील लिमा येथे जागतिक चर्च परिषदेच्या श्रद्धा व व्यवस्था आयोगाने जे निवेदन तयार केले त्याचाही सूर असाच होता. बाप्तिस्मा केव्हाही झाला तरी तो श्रद्धा बाळगणाऱ्या समाजात होतो, आणि त्याला पुढे वाढ हवी असते. बालबाप्तिस्म्यात ती वाढ मागाहून येते, प्रौढबाप्तिस्म्यात तिचा काही भाग आधी येतो, एवढाच भेद. विचार न करता सरसकट बाप्तिस्मा देण्याच्या प्रथेविषयी त्या निवेदनाने चर्चना सावधही केले.

मग ज्या चर्चमध्ये मुलांना बाप्तिस्मा देतात, त्यांच्या मते या संस्काराचा आशय काय? थोडक्यात सांगावयाचे तर असा, की मुलाने काही मिळविण्यापूर्वी, काही सिद्ध करण्यापूर्वी, देवाने त्याला आपले म्हटले आहे. मूल हुशार निघेल की मंद, सुदृढ राहील की अपंग, मुलगा आहे की मुलगी, यांपैकी कशाचाही विचार येथे होत नाही. जुन्या करारातील सुंतेची खूण फक्त मुलग्यांना होती. बाप्तिस्म्याचे पाणी मुलीच्या मस्तकावरही तेवढेच पडते. ज्या देशात मुलगी जन्मली म्हणजे घरातील आवाज अजूनही कित्येकदा मंदावतो, त्या देशात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. बाप्तिस्मा म्हणजे देणगी आहे, कमाई नव्हे; आणि देणगी स्वीकारण्यासाठी बोलता येणे आवश्यक नाही. आईचे दूधही मूल न मागता, न समजता घेतेच.

पण देणगी कोणाच्या तरी हाती सोपवावी लागते. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी स्वतंत्र विधी प्रसिद्ध केला. त्यापूर्वी मोठ्यांसाठी असलेलाच विधी थोड्याफार फरकाने मुलांसाठी वापरीत, आणि मुलालाच प्रश्न विचारून उत्तरे मात्र धर्मपित्याकडून घेत. बाप्तिस्मा शक्य तितक्या लवकर करण्याच्या नियमामुळे बाळंतीण आई तर पुष्कळदा हजरही नसे. नव्या विधीने ही रीत बदलली. आता प्रश्न आईवडिलांना विचारतात. चर्चकडे काय मागता, हा एक. आणि मुलाला श्रद्धेत वाढविण्याचे जे कर्तव्य पत्करीत आहात त्याची पूर्ण जाणीव आहे काय, हा दुसरा. मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण धर्मगुरूंच्या मागोमाग आईवडीलही करतात. शेवटी पेटविलेली मेणबत्ती दिली जाते, तीही मुलाला हाती धरता येत नाही म्हणून मोठ्यांच्या हाती. आणि ती ज्योत तेवती ठेवण्यास त्यांनाच सांगितले जाते. धर्मपिता व धर्ममाता यांना विचारतात ते एवढेच, की या आईवडिलांना साह्य करण्यास तुम्ही तयार आहात काय. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे मुलाचे स्वतःचे आईवडील त्याचे धर्मपालक होऊ शकत नाहीत, आणि धर्मपालकाने सामान्यतः वयाची १६ वर्षे पुरी केलेली असावी लागतात. त्याच संहितेत असेही म्हटले आहे की, मूल त्या श्रद्धेत वाढविले जाईल अशी सबळ आशा असल्याखेरीज बाप्तिस्मा देऊ नये. तशी आशा मुळीच नसेल तर कारण समजावून सांगून तो लांबणीवर टाकावा.

हा शेवटचा नियम कित्येक घरांत कटू वाटतो. आजीला वाटते, नातवावर पाणी पडले म्हणजे चिंता मिटली. पाळकांनी किंवा धर्मगुरूंनी आईवडिलांना तयारीसाठी दोन वेळा बोलावले तर तो अपमान समजला जातो. वस्तुतः त्यात आईवडिलांचा मान आहे. ज्याच्या शब्दाला किंमत असते, त्यालाच ‘आपण काय बोलत आहात हे ठाऊक आहे ना?’ असे विचारतात.

या चिंतेच्या मुळाशी एक जुने भय आहे, आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलणे अवश्य आहे. बाप्तिस्म्यावाचून मूल गेले तर त्याचे काय होईल? पूर्वी अशा मुलांना पवित्र केलेल्या भूमीत पुरीत नसत. त्यांच्यासाठी स्वर्गाबाहेरची वेगळी अवस्था कल्पिलेली होती. मूल गमावलेल्या किती मातांनी हे दुहेरी दुःख मुकाट्याने सोसले असेल, त्याची गणती नाही. ती कल्पना चर्चचा निश्चित सिद्धान्त कधीच नव्हती. २००७ मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने अशा मुलांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास भरीव आधार आहेत, असे मत प्रसिद्ध केले. आणि ज्या मुलाचा बाप्तिस्मा करण्याचा आईवडिलांचा हेतू होता, त्याला ख्रिस्ती अंत्यविधी देण्याची मुभा १९८३ च्या संहितेतही आहे. मृत्यू समोर दिसत असेल तर कोणाही माणसाने, योग्य हेतू असल्यास ख्रिस्ती नसलेल्या परिचारिकेनेसुद्धा, पाणी ओतून त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला तरी कॅथलिक चर्च तो ग्राह्य मानते. तेव्हा आईवडिलांना मला असे सांगावेसे वाटते की, बाप्तिस्मा भयापोटी करू नका. भय शमले की भयातून दिलेला शब्दही विसरला जातो. तो कृतज्ञतेपोटी करा.

आता प्रत्यक्ष जबाबदाऱ्यांचा विचार करू. पहिली जबाबदारी घरातील प्रार्थनेची आणि शिकवणीची. रविवारची शाळा किंवा शाळेतील धर्मशिक्षणाचा तास हा तिला पर्याय नाही. पवित्र शास्त्रात आईबापांना सांगितले आहे ते घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलण्याविषयी. म्हणजे ही शिकवण रोजच्या जगण्यात मिसळलेली असावयास हवी. ती मुलाच्या मातृभाषेत व्हावी. मुलाला त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख ठाऊक असावी, त्या दिवशी त्याच्यासाठी कोणी कोणता शब्द दिला हे त्याला सांगावे.

दुसरी जबाबदारी नावाची आणि संस्कृतीची. येथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण मार्गदर्शक आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची सुमारे अडीच वर्षांची मुलगी मनोरमा हिचाही बाप्तिस्मा झाला. पुढे तिला काय शिकवावे यावरून रमाबाई आणि तेथील धर्मभगिनी यांच्यात तीव्र मतभेद झाले. जे सिद्धान्त आपल्या बुद्धीला अद्याप पटलेले नाहीत, ते आपल्या मुलीच्या गळी उतरवू नयेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. भारताची कन्या म्हणवून घेण्यात तिला कमीपणा वाटू लागावा, हेही त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. उपकारकर्त्यांशी आणि धर्मगुरूंशी वाद करावा लागला तरी मुलीच्या वाढीची जबाबदारी आईची, ती दुसऱ्या कोणाला देऊन टाकता येत नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. मनोरमा पुढे आईच्या कार्यात सामील झाली आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी एक वर्ष, तिचे निधन झाले.

तिसरी जबाबदारी अधिक अवघड आहे. पौलाने गलतीकरांस लिहिताना म्हटले आहे की, ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांच्यात यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही. आपण भारतीय ख्रिस्ती लोकांनी या शिकवणीचे काय केले? कित्येक ठिकाणी चर्चमधील जागा वेगळ्या राहिल्या, तमिळनाडूत काही गावी दफनभूमीत भिंती उभ्या राहिल्या. भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितविषयक धोरण जाहीर करताना चर्चमधील जातिभेद उघडपणे मान्य केला. ज्या मुलाच्या मस्तकावर एकाच कुंडातील पाणी पडले, त्याच्यासाठी पंचवीस वर्षांनी स्थळ पाहताना जर आपण जात विचारली, तर कुंडापाशी दिलेला शब्द आपण स्वतःच मोडला. मुलाने श्रद्धा सोडली म्हणून हळहळणाऱ्या आईवडिलांनी आधी हे पाहावे की आपण ती कधी धरली होती काय.

चौथी गोष्ट भिन्नधर्मीय कुटुंबांविषयी. आई ख्रिस्ती आणि वडील हिंदू किंवा मुसलमान, अथवा याच्या उलट, अशी कुटुंबे आज आपल्या शहरांत नवी नाहीत. कॅथलिक चर्चच्या १९७० पासूनच्या नियमांनुसार मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन यांसाठी यथाशक्ती प्रयत्न करण्याचे वचन कॅथलिक जोडीदारच देतो. दुसऱ्याला त्याची केवळ माहिती द्यावयाची असते, त्याच्याकडून वचन घ्यावयाचे नसते. येथे उतावीळपणा फार अनर्थ करतो. सासरी न सांगता, लपवून मुलाचा बाप्तिस्मा उरकणे म्हणजे सत्याच्या नावाने दिलेल्या वचनाचा आरंभच असत्याने करणे होय. लग्नापूर्वीच हा विषय बोलून घ्यावा. आणि एकमत होत नसेल तर थांबावे. थांबल्याने देव दूर जात नाही. मोनिकाचा मुलगा तर ३२ वर्षे थांबला होता.

बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या दप्तरात होते, आणि तिचे परिणाम नागरी जीवनातही दिसतात, ही गोष्टही आईवडिलांनी जाणून असावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंना, आणि पुढील दुरुस्त्यांनुसार शीख व बौद्ध यांना मिळतो. ख्रिस्ती व्यक्तीला मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा अशा प्रमाणपत्राचा दावा नामंजूर केला, तेव्हा तिच्या बालपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद हा पुराव्याचा एक भाग होता. या नियमाच्या न्याय्यतेविषयी ख्रिस्ती समाजाने दीर्घकाळ तक्रार केली आहे आणि ती रास्त आहे असे माझे मत आहे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने एवढेच सांगतो की, आपण मुलाच्या नावाने केलेली सही त्याला आयुष्यभर बाळगावी लागते. ती करण्यापूर्वी आपली श्रद्धा आणि आपली व्यावहारिक तयारी या दोहोंची पारख करून घ्यावी.

राहता राहिला मुलाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न. ‘मोठा झाल्यावर त्याचे त्याला ठरवू द्या’ असे म्हणून काही आईवडील मुलाला काहीच शिकवीत नाहीत. परंतु काहीच न शिकविणे हीदेखील एक शिकवणच असते. भाषा निवडण्याची मोकळीक म्हणून आपण मुलाशी बोलण्याचे थांबत नाही. याच्या उलट टोकाला जाऊन, बाप्तिस्मा झाला म्हणजे मूल आपल्या मालकीचे झाले असे समजणारेही आहेत. दोन्ही भूमिका चुकीच्या होत. अनेक चर्चमध्ये मूल जाणते झाल्यावर दृढीकरणाचा विधी असतो. केरळातील ऑर्थोडॉक्स परंपरेत तैलाभ्यंग आणि पवित्र भोजन बाप्तिस्म्याच्या वेळीच तान्ह्या मुलालाही देतात; परंतु तेथेही पुढे श्रद्धा आपलीशी करावी लागतेच. दृढीकरणाच्या वेळी मूल जे ‘होय’ म्हणते त्याला अर्थ यावा, यासाठी ‘नाही’ म्हणण्याचीही वाट मोकळी असली पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचे जे स्वातंत्र्य दिले आहे, ते आपल्या घरातील मुलांनाही आहे. वर्गातली इतर मुले जातात म्हणून, किंवा नवे कपडे मिळतात म्हणून मुलाला दृढीकरणास उभे करू नये.

आणि मूल ‘नाही’ म्हणाले तर? तर आईवडिलांनी त्याला घराबाहेर काढू नये, त्याच्याशी बोलणे टाकू नये. बाप्तिस्मा पुन्हा करता येत नाही, असे बहुतेक चर्च मानतात. देवाने एकदा दिलेली देणगी तो परत घेत नाही, हा त्याचा अर्थ. ज्यांनी त्या देवाच्या नावाने शब्द दिला, त्यांनीही आपले प्रेम परत घेता कामा नये. उलट त्या दिवसापासून आईवडिलांच्या वचनाचा खरा कस लागतो.

बंधुभगिनींनो, बाप्तिस्म्याला फार थोडे पाणी लागते आणि फार थोडा वेळ लागतो. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मात्र मोठी असतात, आणि ती आईवडिलांना, धर्मपालकांना व सर्व मंडळीला मिळून निभवावयाची असतात. मंडळीने त्या दिवशी केवळ पाहुणा म्हणून बसू नये. तिनेही साह्याचे वचन दिलेले असते. शेजारच्या बाकावरील ते मूल दोन वर्षांनी प्रार्थनेच्या वेळी रडू लागले, तर मागे वळून कपाळाला आठ्या घालण्याऐवजी त्याच्या आईच्या हातातील पिशवी क्षणभर धरावी. वचन पाळण्यास तेथूनही आरंभ करता येतो.